सहावीपासून स्पॅनिश-इंग्रजी ड्युअल लँग्वेज: अर्जाआधी, अर्जाच्या वेळी आणि नंतर काय करायचं

अमेरिकेत पाचवी संपवून मिडल स्कूलला जाणाऱ्या मुलांचे बरेच मराठी आईबाबा ड्युअल लँग्वेज वर्गाची चौकशी करतात आणि बहुतेक जण सुरुवातीलाच चुकतात. मुलाला जास्तीची एक भाषा मिळेल, एवढाच हिशेब ते करतात. सहावी ते आठवीच्या या वर्गात मूल स्पॅनिशमधून इतिहास किंवा विज्ञान शिकतं. पुस्तक स्पॅनिशमध्ये, चर्चा स्पॅनिशमध्ये, परीक्षेतली उत्तरं स्पॅनिशमध्ये. त्यामुळे दोन गोष्टींचा निकाल आधी लावावा लागतो: आपल्या मुलासाठी तिथलं दार उघडं आहे का, आणि त्याला पाठ्यपुस्तकाचं एक पान स्वतःहून वाचता येतं का. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. क्रम उलटा झाला की जागा मिळूनही मूल ऑक्टोबरपर्यंत वर्गातून बाहेर पडतं.

हाताशी काय हवं

शाळेला पहिली ईमेल करण्याआधी चार कागद गोळा करा: मुलाचं पाचवीचं प्रगतिपुस्तक, तुमच्या पत्त्याला कोणती मिडल स्कूल लागू आहे याची डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरची नोंद, सहावीच्या विषयांची यादी, आणि शाळेत नाव घालताना तुम्ही भरलेल्या ‘होम लँग्वेज सर्व्हे’ची प्रत. शेवटचा कागद बहुतेकांकडे नसतो. शाळेच्या ऑफिसात मागा, तो मुलाच्या फाइलमध्ये असतो.

पायरी 1: कार्यक्रम नेमका कोणता ते ओळखा

‘बायलिंग्वल’ या एका नावाखाली किमान चार वेगळे वर्ग चालतात.

परकीय भाषा म्हणून स्पॅनिश: दिवसाला एक पीरियड, बाकी सगळं इंग्रजीतून. 

हेरिटेज स्पॅनिश: घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना वाचन-लेखन पक्कं करून देणारा वर्ग. आपल्या मुलांसाठी तो नसतो. 

ट्रान्झिशनल बायलिंग्वल: इंग्रजी अजून शिकत असलेल्या स्पॅनिश भाषक मुलांना तात्पुरता स्पॅनिशचा आधार देऊन इंग्रजीकडे नेणारा वर्ग. पुण्याहून नुकतंच आलेलं मराठी मूल यात बसत नाही. त्याला इंग्रजीची मदत लागली तर ती ईएसएलमधून, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गातून मिळते. 

ड्युअल लँग्वेज: दोन्ही भाषा शेवटपर्यंत टिकवायच्या आणि दोन्हींतून विषय शिकायचे. ‘टू-वे’ प्रकारात घरी स्पॅनिश बोलणारी आणि इतर भाषा बोलणारी मुलं एकत्र बसतात. मराठी घरातलं मूल या वर्गात जाऊ शकतं.

प्राथमिक शाळेत याचे दोन साचे प्रचलित आहेत. 90:10 मध्ये बालवर्गात जवळजवळ सगळं स्पॅनिशमधून असतं आणि इंग्रजीचा वाटा वर्षागणिक वाढत जातो. 50:50 मध्ये पहिल्यापासून निम्मं निम्मं. मिडल स्कूलमध्ये मात्र दोन्हीकडची मुलं साधारण एकाच ठिकाणी येतात: एक पीरियड स्पॅनिश लँग्वेज आर्ट्स (स्पॅनिशचं वाचन-लेखन) आणि एक मुख्य विषय स्पॅनिशमधून, बहुधा सोशल स्टडीज किंवा विज्ञान.

*तपासा:* शाळेला तीन प्रश्न लेखी विचारा. दिवसातले किती पीरियड स्पॅनिशमधून आहेत? कोणता विषय, आणि तिन्ही वर्षं तोच आहे का? त्या विषयाचं पुस्तक स्पॅनिशमध्ये आहे की शिक्षक इंग्रजी पुस्तकावरून तोंडी स्पॅनिशमध्ये शिकवतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर वर्गाला भेट देण्याची परवानगी मागा. फळ्यावर, भिंतीवर आणि मुलांच्या वह्यांत कोणती भाषा दिसते ते पाहिलं की माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

पायरी 2: होम लँग्वेज सर्व्हे सरळ भरा, पण त्याचे परिणाम समजून घ्या

मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती बोलतं, असे काही प्रश्न या फॉर्मवर असतात. शब्द राज्याराज्यात थोडे बदलतात. उत्तरात इंग्रजीखेरीज भाषा आली की मुलाची इंग्रजी चाचणी होते. कॅलिफोर्नियात ती ईएलपॅक असते, बऱ्याच राज्यांत विडाची. चाचणीत मूल पुरेसं पुढे असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर ‘इंग्लिश लर्नर’ अशी नोंद होते, टेक्सासमध्ये ‘इमर्जंट बायलिंग्वल’. त्यानंतर त्या नोंदीतून बाहेर पडेपर्यंत दरवर्षी चाचणी द्यावी लागते.

ही नोंद लागू नये म्हणून काही पालक सगळीकडे ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. असं करू नका. फॉर्मचा व्हिसाशी काही संबंध नाही. मुलाला खरंच मदत हवी असेल तर ती मिळण्याचं दारच खोट्या उत्तराने बंद होतं. उलट टोकाची चूकही होते. मूल घरी बहुतेक वेळ इंग्रजीच बोलतं, पण आजी-आजोबांशी मराठी बोलतं म्हणून अभिमानाने सगळीकडे ‘मराठी’ लिहिलं जातं. प्रत्येक प्रश्न नीट वाचा आणि त्याचंच उत्तर द्या. ‘सगळ्यात जास्त कोणती भाषा वापरतो’ असा प्रश्न असेल तर जी जास्त वापरतो तीच लिहा. दुरुस्ती करायची असेल तर चाचणीच्या आधी करा, नंतर ती सहसा होत नाही.

ड्युअल लँग्वेजशी याचा संबंध असा की सहावीत इंग्लिश लर्नर मुलाच्या वेळापत्रकात इंग्रजी विकासाचा वेगळा पीरियड बसवला जातो, आणि तो बहुतेकदा इलेक्टिव्हची, म्हणजे मुलाने स्वतः निवडायच्या विषयाची जागा खातो. स्पॅनिश लँग्वेज आर्ट्सलाही तीच जागा हवी असते. दोघांची टक्कर झाली की स्पॅनिश जातं. म्हणून पाचवीत मुलावर अजून ही नोंद असेल, तर बाहेर पडण्यासाठी नेमकं काय कमी पडतंय, वाचन, लेखन, ऐकणं की बोलणं, हे वर्गशिक्षकांना हिवाळ्याच्या सुट्टीआधी विचारा. तेवढ्यावरच काम करा.

*लक्षात ठेवा:* नोंद झाल्याचं शाळेने शालेय वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. मदतीचा वर्ग नाकारण्याचा हक्क पालकांना आहे, पण नाकारला तरी वार्षिक चाचणी टळत नाही.

पायरी 3: दार कुठून उघडतं ते शोधा

*मूल प्राथमिकमध्ये ड्युअल लँग्वेजमध्येच असेल तर* जागा आपोआप पुढे सरकते असं गृहीत धरू नका. प्राथमिकचा कार्यक्रम एका शाळेत आणि मिडल स्कूलचा तुमच्या पत्त्याबाहेरच्या शाळेत, असं सर्रास असतं. मग ट्रान्सफरचा अर्ज लागतो, त्याची वेगळी मुदत असते, आणि बस मिळेलच असं नाही. बसचा प्रश्न अर्ज करतानाच विचारा. ऑगस्टमध्ये रोज दोनदा गाडी काढायची वेळ आली की ऑफिसची वेळ सांभाळणारे पालक महिन्याभरात माघार घेतात.

*मूल दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधल्या तशाच वर्गातून येत असेल तर* स्पॅनिशची चाचणी मागून घ्या. आधीच्या शाळेतून स्पॅनिश वाचनाचे गुण आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेले एक-दोन निबंध सोबत आणा.

*मुलाला स्पॅनिश अजिबात येत नसेल तर* सहावीत थेट ड्युअल लँग्वेजमध्ये घालायचा हट्ट सोडा. पहिली-दुसरीनंतर बहुतेक कार्यक्रम नव्या मुलांना भाषेची चाचणी घेतल्याशिवाय घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अशा मुलासाठी रास्त मार्ग म्हणजे सातवी-आठवीत हायस्कूल क्रेडिट देणारं ‘स्पॅनिश 1’. तिथून सलग चार-पाच वर्षं नेटाने चाललेलं मूल बारावीपर्यंत उत्तम स्पॅनिश बोलतं.

पायरी 4: वेळापत्रक आधी कागदावर मांडा

विषयनिवड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. तोवर स्वतः एक तक्ता करा. सात पीरियडचा दिवस धरू: इंग्रजी, गणित, विज्ञान, स्पॅनिशमधून सोशल स्टडीज, पीई आणि स्पॅनिश लँग्वेज आर्ट्स. झाले सहा. उरला एक. त्यात बँड किंवा ऑर्केस्ट्रा, कोडिंग, चित्रकला यांपैकी एकच बसेल. मुलीला व्हायोलिन आणि रोबोटिक्स दोन्ही हवं असेल तर हे फेब्रुवारीतच तिच्याशी बोला.

खरी अडचण ‘सिंगलटन’ वर्गांची असते, म्हणजे शाळेत दिवसभरात एकदाच भरणारे वर्ग. ड्युअल लँग्वेजचा सोशल स्टडीज वर्ग बहुधा एकच असतो. पुढच्या पातळीचं गणितही अनेकदा एकच असतं. दोन्ही तिसऱ्या पीरियडला आले तर एकावर पाणी सोडावं लागतं, आणि मराठी घरात ते कोणत्या विषयावर सोडलं जातं हे सांगायला नको. शाळेचं मुख्य वेळापत्रक एकदा ठरलं की काउन्सेलरच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून ते ठरायच्या आधी, लेखी विचारा: “ड्युअल लँग्वेजचे दोन्ही पीरियड आणि प्रगत गणित एकाच मुलाला घेता येतील अशी मांडणी आहे का?” असे पाच-सहा पालक एकाच वेळी विचारते झाले तर शाळा मांडणी बदलतेही. एकट्याने ऑगस्टमध्ये गेलात तर नाही.

*तपासा:* काही शाळांत नेहमीच्या वेळेआधी ‘झीरो पीरियड’ भरतो. तिथे पीई किंवा बँड घेता येत असेल तर एक जागा मोकळी होते.

पायरी 5: उन्हाळ्यात पुस्तकी स्पॅनिश पक्कं करा

ड्युअल लँग्वेजमधून आलेलं मूल खेळाच्या मैदानावर फडाफडा बोलतं, त्यामुळे आईबाबा निर्धास्त असतात. अडतं ते पुस्तकात. रोज पाच मिनिटं मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये वाक्यं जुळवून हे सुटत नाही. सार्वजनिक ग्रंथालयातून चौथी-पाचवीच्या पातळीची स्पॅनिश माहितीपर पुस्तकं आणा (विज्ञान, भूगोल, प्राचीन संस्कृती) आणि आठवड्यातून चार दिवस एकेक परिच्छेद असा घ्या:

1. मोठ्याने वाचणं. उदाहरणार्थ हे वाक्य: ‘एल आग्वा से एवापोरा क्वांदो एल सोल कालिएंता ला सुपेर्फिसिए देल मार.’ सूर्याने समुद्राचा पृष्ठभाग तापला की पाण्याची वाफ होते.
2. क्रियापदांखाली रेघ: ‘से एवापोरा’, ‘कालिएंता’. कोण काय करतंय हे आधी कळलं पाहिजे.
3. जोडशब्दांभोवती गोल. ‘पोर लो तांतो’ म्हणजे म्हणून, ‘सिन एम्बार्गो’ म्हणजे तरीही, ‘देबिदो आ’ म्हणजे च्यामुळे, ‘मिएंत्रास के’ म्हणजे तर दुसरीकडे. मिडल स्कूलचं सगळं पुस्तक या शब्दांवर चालतं आणि मुलं नेमकी यांच्यावरूनच घसरत पुढे जातात.
4. पुस्तक मिटून तुम्हाला मराठीत किंवा इंग्रजीत सांगणं.
5. स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं लिहिणं, त्यातल्या एकात तरी वरचा एखादा जोडशब्द.

या यादीतलं चौथं आणि पाचवं काम गाळलं तर बाकीचं नुसतं वाचन होतं.

मराठी इथे फार उपयोगी पडते आणि पालकांना त्याची जाणीवच नसते. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ म्हणजे ‘मला पुस्तक आवडतं’, आणि पुस्तकं अनेक झाली की ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, ‘मला पुस्तकं आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या मागे जातं, अगदी मराठीसारखं. इंग्रजीतून विचार करणारं मूल इथे वर्षानुवर्षं चुकतं. मराठी वाक्य शेजारी ठेवलं की एका बैठकीत समजतं. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतला फरक तू-तुम्हीचाच. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, फक्त मुलाला इंग्रजी वळणाने ट-ड करू देऊ नका.

सवलत मिळत नाही अशा जागाही सांगते. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हींचं मराठीत ‘असणे’च होतं, त्यामुळे ते वेगळं पाठ करावं लागतं. इंग्रजीसारखे दिसणारे शब्द दगा देतात: इतिहासाच्या पुस्तकात ‘आक्तुआल्मेंते’ आलं की त्याचा अर्थ ‘सध्या’, आणि मूल तो इंग्रजीतल्या ‘अ‍ॅक्च्युअली’सारखा वाचून वाक्याचा काळच हरवतं. आणि मोठे आकडे. इंग्रजीतलं एक बिलियन म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’. स्पॅनिशचं ‘बियोन’ हजार पट मोठं असतं. जगाची लोकसंख्या सुमारे 8 अब्ज ती ‘ओचो मिल मियोनेस’. सोशल स्टडीजच्या आलेखावर हे चुकलं की सगळं उत्तर चुकतं.

पायरी 6: वर्ष सुरू झाल्यावरचा आठवडा

आईबाबांना स्पॅनिश येत नाही म्हणून मदत करता येत नाही, हा समज काढून टाका. धडा सुरू होण्याआधी त्या विषयावर मराठीत किंवा इंग्रजीत दहा मिनिटं बोला. इजिप्तमधली नाईल, मेसोपोटेमियातली शेती, जे काही असेल ते. संकल्पना डोक्यात असली की मुलाला फक्त शब्द शोधावे लागतात. धडा झाल्यावर तुम्हाला समजावून सांगायला लावा. ते जिथे अडखळेल तिथे एक तर शब्द आला नाही किंवा धडाच कळला नाही. दोन्ही तुम्हाला स्पॅनिश न येता ओळखता येतं.

सगळा धडा भाषांतराच्या यंत्रात घालून इंग्रजीत वाचू देऊ नका. गृहपाठ त्या दिवशी उरकतो, पण महिनाभरात मूल स्पॅनिश पान वाचणंच सोडतं. एका परिच्छेदातले अडलेले तीन शब्द शोधायला हरकत नाही.

दोन रकान्यांची वही ठेवा: डावीकडे स्पॅनिश संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. का, ते पुढच्या पायरीत.

इंग्रजी मागे पडेल ही भीती मनात असेलच. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या शाळांत लॉटरीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना झाली आहे. त्यात स्पॅनिशसोबत इतर भाषांचेही वर्ग होते. प्रवेश मिळालेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने आणि आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होती. गणितात फरक दिसला नाही. अर्थात ती मुलं लहानपणापासून त्या वर्गात होती. सहावीत नव्याने आलेल्या मुलाला हे आकडे लावू नका. घरी रोज वीस मिनिटं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक चालू ठेवा. आणि रविवारची मराठी शाळा स्पॅनिशसाठी बंद करू नका. ताण वाटत असेल तर आधी गृहपाठाच्या वेळा बदलून पाहा.

पायरी 7: परीक्षा आणि पुढचा मार्ग

टेक्सासमध्ये राज्याची स्टार परीक्षा स्पॅनिशमधून फक्त तिसरी ते पाचवीपर्यंत देता येते. सहावीपासून ती इंग्रजीतच. आठवीत विज्ञान आणि सोशल स्टडीज दोन्हींची स्टार असते. म्हणजे वर्षभर स्पॅनिशमधून शिकलेला विषय मूल इंग्रजीत लिहिणार. वरची दोन रकान्यांची वही यासाठी, आणि ती एप्रिलमध्ये घाईने भरून चालत नाही. कॅलिफोर्नियातही मुख्य परीक्षा बहुतांशी इंग्रजीतच आहे. तिसरीपासून पुढे स्पॅनिशची वेगळी राज्य चाचणी आहे पण ती ऐच्छिक. शाळा देत असेल तर मुलाला द्यायला लावा, स्पॅनिश वाचन-लेखन खरोखर कुठे आहे ते त्यातून कळतं.

काही कार्यक्रमांतली मुलं आठवीत किंवा नववीत ‘एपी स्पॅनिश लँग्वेज अँड कल्चर’ ही कॉलेजच्या पातळीची परीक्षा देतात. मे महिन्यातली ही परीक्षा 1 ते 5 गुणांची आहे. आठवीतच द्यायची घाई करायची गरज नाही. त्यात ऐकलेल्या आणि वाचलेल्या मजकुरावर आधारित युक्तिवादाचा निबंध लिहावा लागतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला अनेकदा भाषेपेक्षा युक्तिवादच जड जातो. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक निबंध वेळ लावून लिहायला द्या आणि शिक्षकांना दाखवा. दोन भाषा उत्तम येतात याची पावती म्हणून हायस्कूलच्या शेवटी मिळणाऱ्या ‘सील ऑफ बायलिटरसी’साठी कॅलिफोर्नियात एपीचे 3 किंवा अधिक गुण भाषेचा पुरावा म्हणून चालतात.

*आठवीच्या जानेवारीत तपासा:* हायस्कूलमध्ये या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे का, की त्यांना सरसकट ‘स्पॅनिश 1’ मध्ये टाकतात? तसं असेल तर पातळी ठरवणारी चाचणी लेखी मागा. मिडल स्कूलमधल्या क्रेडिटचे गुण हायस्कूलच्या जीपीएत धरतात का, हेही याच वेळी विचारा. आठवीत मिळालेला बी पुढे चार वर्षं दिसत राहणार असेल तर ते मुलाला आधी माहीत असायला हवं.

बाहेर पडायचंच असेल तर

पहिले सहा-आठ आठवडे जवळजवळ प्रत्येक मुलाला जड जातात. नवी शाळा, सात शिक्षक, त्यात स्पॅनिश पुस्तक. ऑक्टोबरमधल्या पहिल्या प्रगतिपत्रकावर निर्णय घेऊ नका, कारण बहुतेक ठिकाणी एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही. सेमिस्टर संपताना स्पॅनिशमधून शिकवल्या जाणाऱ्या विषयाच्या शिक्षकांना भेटा आणि मुलाचं लिखाण दाखवायला सांगा: सप्टेंबरचं एक पान, डिसेंबरचं एक. वाक्यं लांबली असतील, जोडशब्द आले असतील, तर गुण सी असले तरी वर्ष पूर्ण करू द्या. दोन्ही पानं सारखीच असतील आणि मूल घरी धडा मराठीतही सांगू शकत नसेल, तर सेमिस्टरच्या सीमेवर वर्ग बदला, स्पॅनिश लँग्वेज आर्ट्सचा एक पीरियड ठेवता येतो का ते मात्र नक्की विचारा. काही शाळा तशी परवानगी देतात.